चकतीतलं भोक

बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू आमच्या घरात पाच वर्षं राहिला. पाहुणा म्हणून आला आणि भाडेकरू होऊन बसला, असं आई म्हणायची. त्याला बाहेर काढायचा विषय निघाला की बाबांचं कारण तयार असायचं. सध्या गॅरेजमध्ये फार काम आहे. सर्दी झालीय. जरा थंडी संपू दे. काहीच सुचलं नाही तर, "अजून पिकला नाही, पिकू दे."

"पिकू दे म्हणे! केळं आहे का ते?" आई विचारायची. बाबा पेपर तोंडासमोर धरायचे. पेपर उलटा आहे हे आई त्यांना मुद्दामच सांगायची नाही.

बाबा रंग जुळवणारे. गाडी कुठेतरी ठोकली जाते, दरवाजा चेपतो, तो ठोकून सरळ केला की त्याला नव्याने रंग द्यावा लागतो. हा रंग उरलेल्या गाडीला असा मिळाला पाहिजे की घरच्या माणसालाही दरवाजा ओळखता येऊ नये. वाटतं तितकं हे सोपं नाही. गाडीचा पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो. त्यात थेंबभर पिवळा असतो, थेंबभर काळा, थेंबभर निळा, आणि वर पाच-सात वर्षांचं ऊन. हे सगळं बाबा नुसत्या डोळ्याने ओळखायचे. गॅरेजमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणत, शेठसुद्धा.

त्यांची एक पद्धत होती. रंगाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घ्यायचं, मधोमध नाण्याएवढं भोक पाडायचं आणि कालवलेला रंग त्या चकतीवर मारायचा. वाळला की चकती उन्हात गाडीवर टेकवायची. रंग चुकला असेल तर भोकातून गाडी वेगळी दिसते. जुळला असेल तर भोक दिसतच नाही, चकती सलग वाटते. "भोक नाहीसं झालं पाहिजे," बाबा म्हणायचे. प्रत्येक चकतीच्या पाठीवर खिळ्याने गाडीचा नंबर कोरून ती तारेत ओवून ठेवायची. आमच्या पलंगाखाली अशा चकत्यांच्या सात-आठ माळा होत्या. लहानपणी त्या चकत्या बोटात घालून फिरवल्या म्हणून मी एकदा मार खाल्लाय.

बाबांनी जुळवलेला रंग स्प्रे-गनने गाडीवर मारायचं काम काकांचं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, बाबांपेक्षा बारा वर्षांनी लहान. बाबा त्याला धाकट्याच म्हणत. गन त्यांनीच त्याच्या हातात दिली, मनगट कसं फिरवायचं ते त्याच्या मागे उभं राहून, हात धरून शिकवलं. काकांसाठी दादा म्हणेल ती पूर्व दिशा. दोघांची जोडी चोवीस वर्षं चालली.

एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रंग बरोबर असला तरी मारणारा चुकला तर छटा बदलू शकते. गन जवळ धरली, हवा कमीजास्त झाली, हात थांबला, की गडबड. म्हणून दरवाजा वेगळा दिसला की चूक कालवणाऱ्याची की मारणाऱ्याची, हे भांडण प्रत्येक गॅरेजमध्ये असतं. आमच्याकडे ते कधी नव्हतं. चार वर्षांपूर्वी झालं.

एका पांढऱ्या गाडीचा मालक परत आला. सावलीत ठीक दिसतो, पण उन्हात मागचा डावा दरवाजा निळसर मारतो म्हणाला. त्या महिन्यातली ती तिसरी तक्रार होती. शेठने सगळ्यांना बाहेर उन्हात बोलावलं आणि विचारलं, "मास्तर, दरवाजा निळा दिसतोय ना?" बाबा हो म्हणाले. मग त्यांनी त्या गाडीची चकती आणली, बॉनेटवर टेकवली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "भोक दिसत नाही. रंग बरोबर आहे. हात चुकला."

काका शेजारीच उभे होते. मास्तरांनी बघितलेली चकती पुन्हा बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी शेठने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या मालकाने पुन्हा तुमच्या हातात गाडी देणार नाही म्हणून ती तशीच नेली.

दुसऱ्या गॅरेजमध्येही काकांच्या आधी त्यांची बातमी पोचली. सख्खा भाऊच सांगतो हात बिघडलाय, मग दुसरा कोण कशाला ठेवून घेईल? काकांनी आमच्याकडे येणं सोडलं. सध्या ते एका ऑफिसच्या इमारतीत, पार्किंगच्या फाटकावर असतात. गाडी आली की दांडा वर करायचा, गेली की खाली. मी बाबांशी पंधरा दिवस बोलले नव्हते. मग बोलायला लागले, कारण बाबांचा डोळा चुकेल असं मलासुद्धा कधी वाटलं नव्हतं. त्याची मला आज लाज वाटते.

काका गेल्यावरही तक्रारी थांबल्या नाहीत. वर्षभराने शेठने रंग ओळखणारं मशीन आणलं. मास्तरांना काढलं नाही, एक खुर्ची दिली. बाबा त्या खुर्चीत बसून मशीनला नावं ठेवायचे.

शेवटी बाबा जिन्याची खालची पायरी चुकले. फार लागलं नाही, पण आईचा धीर संपला. "आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे येताय की मी शेजाऱ्यांना बोलावून उचलून नेऊ?"

डॉक्टरीणबाई माझ्याएवढ्याच. त्यांनी बाबांची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात उजेड टाकला आणि म्हणाल्या, "आजोबा, इतके दिवस काय करत होता? भिंग अगदी पिवळं-तपकिरी झालंय."

"पिवळं?" बाबांनी विचारलं.

"हो. जुन्या काचेतून बघावं तसं. हळूहळू होतं ना, माणसाला कळत नाही. निळा रंग तर यातून नीट पोचतच नसणार." त्या लिहीत लिहीत सहज बोलल्या. "डावा पण आहे, पण उजवा आधी करू. तुमचं काम काय?"

बाबा म्हणाले, "गॅरेजमध्ये असतो."

पुढे तीन दिवस घरात तीच धावपळ. रक्त, साखर, दाब. नवं भिंग केवढं बसवायचं म्हणून डोळ्याचं मोजमाप. थेंबांचं वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं. ऑपरेशननंतर बरेच दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी आईने त्यांना डोकं चोळून आंघोळ करायला लावली, दाढी गुळगुळीत करवली, नखंसुद्धा कापली. "लग्नातसुद्धा हा माणूस इतका स्वच्छ नव्हता," ती म्हणाली. बाबा हसले नाहीत. एरवी आईच्या अशा बोलण्यावर ते उलट काहीतरी बोलल्याशिवाय राहत नसत.

मला वाटलं घाबरलेत. मी धीर देत म्हटलं, "बाबा, दुखत नाही अजिबात. पंधरा मिनिटांचं काम."

"दुखण्याचं कोण बोलतंय," ते म्हणाले, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडले.

दवाखान्यात त्यांच्या उजव्या भुवईवर पेनाने खूण केली, चुकून दुसराच डोळा नको म्हणून. हिरवा झगा, डोक्याला टोपी. बाकावर अशाच झग्यातले आणखी चौघे ओळीने बसले होते. दर दहा मिनिटांनी नर्स यायची, मान मागे करा म्हणायची, थेंब टाकून पुढे जायची. बाबांची बाहुली मोठी मोठी होत गेली. त्यांनी माझा हात धरला. माझ्या लग्नातसुद्धा धरला नव्हता इतका घट्ट.

"तू धाकट्याला भेटतेस?" त्यांनी एकदम विचारलं.

"अधूनमधून," मी म्हटलं. चार वर्षांत ते नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं होतं.

"गन धरतो का कुठे?"

"नाही."

नर्स आली आणि त्यांना आत घेऊन गेली.

आतलं मला त्यांनीच नंतर सांगितलं. तोंडावर कापड टाकलं, डोळ्यापुरतं भोक असलेलं. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावला. वर तीन दिवे. मशीनची बारीक घरघर, डोळ्यावरून गार पाणी वाहतंय असं वाटत होतं, दुखत काही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, दिव्याकडे बघा आजोबा, छान, असंच. दिवे आधी मातकट होते. मग फुटले, वितळले, आणि एकाएकी सगळं निळं झालं. "इतका निळा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता," बाबा म्हणाले. "तेव्हाच कळलं मला. तिथे टेबलावर." टेबलावरून उठून पळावंसं वाटलं, पण डोकं हलवायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून तसेच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं झाकण निघालं. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं दाखवली, बाबा दोन म्हणाले, सगळे खूश. घरी आल्यावर आईकडे बघून म्हणाले, "एवढी म्हातारी कधी झालीस तू?"

"तुमचा मोतीबिंदू होता तोपर्यंत सुखात होते मी," आई म्हणाली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. तो आमच्या घरातला शेवटचा हसण्याचा प्रसंग.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा खिडकीत उभे होते. काळा चष्मा कपाळावर. मी ओरडणार होते, इतक्यात दिसलं की ते एकदा उजवा डोळा झाकतायत, एकदा डावा. खाली तळमजल्यावरच्या शिक्षकांची पांढरी गाडी उन्हात उभी होती. तिचं बॉनेट तीन वर्षांपूर्वी बाबांनीच करवून दिलं होतं, शेजारधर्म म्हणून, कौतुकाने.

"बॉनेट बघ," ते म्हणाले.

मी बघितलं. बॉनेट निळसर होतं. धुतलेल्या कपड्याला नीळ जास्त व्हावी तसं. ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. शिक्षकांनाही दिसत असणार. आम्ही सगळ्यांनी कानाडोळा केला होता. मास्तरांना कोण सांगणार?

वाकायचं नाही असं सांगितलं असताना ते पलंगाखाली वाकले. मी माळा ओढून काढून दिल्या. शिक्षकांच्या गाडीची चकती घेऊन ते खाली गेले, बॉनेटशेजारच्या पत्र्यावर टेकवली. नव्या डोळ्याने भोक ठसठशीत दिसत होतं. जुन्या डोळ्याने नाहीसं होत होतं. त्यांनी हे इतक्या वेळा केलं की शिक्षकांच्या बायकोने दारातून विचारलं, "काय झालं हो, काही सांडलं का?"

वर येऊन ते चकत्यांच्या ढिगात बसले आणि पाठीवरचे नंबर वाचत राहिले. दुपारी एक चकती तारेतून सोडवून शर्टाच्या खिशात घातली. "धाकट्याकडे जायचंय. ती गाडी शोधायची आहे."

"शोधायला नको," मी म्हटलं. "तिथेच असते." काकांनी हे मला वर्षापूर्वी सांगितलं होतं आणि मी पोटात ठेवलं होतं. तो मालक त्याच इमारतीत कामाला होता.

आम्ही रिक्षाने गेलो. काका फाटकाशी स्टुलावर बसले होते. गणवेश त्यांना दोन मापं मोठा. आम्हाला बघून उठले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"डोळा केलास?" त्यांनी विचारलं.

"केला."

"बरं झालं."

बाबांनी खिशातली चकती काढली. काकांनी ती लगेच ओळखली. ते पुढे चालू लागले. दुसऱ्या रांगेत ती पांढरी गाडी उन्हात उभी होती, आणि तिचा मागचा डावा दरवाजा इतक्या लांबूनही निळा दिसत होता.

बाबांनी चकती बॉनेटवर टेकवली. भोक दिसलं. मला दिसलं, काकांना दिसलं. मग ते दरवाजापाशी आले आणि चकती दरवाजावर टेकवली. भोक नाहीसं झालं. चकती दरवाजात विरघळून गेली. चार वर्षांपूर्वी चकती बॉनेटवर लावली होती, दरवाजावर लावून बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

"धाकट्या," बाबा म्हणाले, "मी दिला तोच रंग तू मारलास. केसाचा फरक नाही. हात तुझा बरोबर होता. चुकीचा रंग मी दिला."

काकांनी दरवाजावर तळवा ठेवला. पत्रा तापलेला होता, तरी काढला नाही.

"रोज बघतो मी हा दरवाजा," ते म्हणाले. "साडेनऊला आत, सहाला बाहेर. कुठे चुकलं ते शोधतो. हवा जास्त झाली होती का? गन तिरकी गेली का? सापडत नव्हतं. मधे एका ओळखीच्याने बोलावलं होतं, ये, एक मडगार्ड मारून बघ म्हणाला. गन धरली आणि हात थरथरायला लागला, दादा. म्हटलं दादा बोलला ते खरंच आहे."

बाबा मान खाली घालून उभे होते. मला वाटलं आता काका त्यांना मिठी मारतील, किंवा तोंडात तरी मारतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. काकांनी फक्त विचारलं, "त्या दिवशी शेठ म्हणाला, दरवाजा निळा दिसतोय ना मास्तर? तू हो म्हणालास. तुला दिसला होता?"

हा प्रश्न चार वर्षांत मला सुचला नव्हता. आईला नाही, शेठला नाही. मला आत कुठेतरी वाटत होतं की बाबांनी हो म्हणावं. दिसला होता, पण मला वाटलं गनचा दोष आहे, असं काहीतरी. नुसती चूक निघावी.

"नाही," बाबा म्हणाले. "सगळा सारखाच दिसत होता."

"मग हो का म्हणालास?"

"सगळ्यांना दिसत होता. मला एकट्यालाच दिसत नव्हता."

"मग माझं नाव का घेतलंस?"

बाबा दरवाजाकडे बघत म्हणाले, "डोळा गेला असं म्हटलं असतं तर मी काय उरलो असतो, धाकट्या?"

काकांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे करून त्यांच्याकडे पाहिलं, उलटे, सुलटे, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

"आपला हात बिघडला, असं समजून मी गप्प पडलो होतो," ते म्हणाले. "नशीब म्हटलं. कोणावर राग नव्हता. बरं चाललं होतं माझं. आता काय समजू? ते तरी सांग."

फाटकाबाहेर एक गाडी हॉर्न वाजवत होती. काका गेले, दांडा वर केला, गाडी आत घेतली, दांडा खाली केला. परत आले नाहीत. स्टुलावर आमच्याकडे पाठ करून बसले. बाबा चकती हातात धरून उन्हात उभे होते, कोणीतरी ती घ्यावी म्हणून.

मला त्यांना तिथेच टाकून निघून जावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण एका नव्या आणि एका जुन्या डोळ्याने त्यांना रस्त्याचा अंदाज येत नव्हता. मी त्यांचा दंड धरून रस्ता ओलांडून दिला. रिक्षात ते रडायला लागले, आणि मी दवाखान्यातल्या निर्जंतुक कापसाचं पाकीट फोडून त्यांना दिलं. डोळा चोळू नका, एवढंच म्हटलं.

पंधरा दिवसांनी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी अक्षरांचा तक्ता लावला, डावा डोळा झाकला. बाबांनी वरच्या मोठ्या अक्षरापासून सुरुवात केली आणि अगदी तळातली, मला चष्म्यातूनही न दिसणारी ओळ न अडखळता वाचली. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी नर्सला बोलावून दाखवलं.

"बघा, उगाच पाच वर्षं घालवलीत. मग आता डाव्याची तारीख देऊ?"

"राहू दे," बाबा म्हणाले.

"का बरं? हा डोळा इतका छान झालाय. आता सगळं स्वच्छ दिसतंय, बरं वाटतंय ना?"

बाबांनी बाईंकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे उत्तराची वाट बघत होते.

"हो," बाबा म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं. शेठसमोर म्हणाले असतील, अगदी तसंच.